मुक्त कोड घेतला, पुढे काय द्यायचं?

दूध संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ आणि वजन घेऊन उत्पादकाच्या हातात पावती देणारं जे यंत्र असतं, त्याच्या पोटात अनेकदा एक छोटा संगणक असतो. त्यात लिनक्स असेल, तर यंत्रासोबत एक परवानाही गावात येऊन पोहोचलेला असतो. तो कोणी वाचत नाही. ओपन सोर्सबद्दल आपल्याकडे बोलणं निघतं ते बहुतेक ‘फुकट मिळतं’ इथेच थांबतं. परवाना वापरणाऱ्याला काय देतो, पुढे विकणाऱ्याकडून काय मागतो आणि ते मागणं रास्त आहे का, यावर दोन सरळ माणसांचंही कडक भांडण होऊ शकतं. ते नीट मांडता यावं म्हणून मी दोन पात्रं घेतली आहेत. एक, कोल्हापूरकडे अशी यंत्रं बनवून विकणारा मामा. दुसरी, पुण्यात प्रोग्रॅमिंग करणारी त्याची भाची. पात्रं कल्पित आहेत. त्यांच्या तोंडी आलेल्या सॉफ्टवेअरच्या दुनियेतल्या घटना मात्र घडलेल्या आहेत.

मामा: नव्या मॉडेलच्या बोर्डावर पोरांनी लिनक्स टाकलंय. एक पैसा लागला नाही. आता एका गिऱ्हाइकाने टेंडरमध्ये कलम घातलंय की आत कुठकुठलं ओपन सोर्स आहे आणि त्याचे परवाने कोणते, याची यादी द्या. लोकांनी वाटलेल्या वस्तूला परवाना कसला गं?

भाची: वाटली म्हणून मालकी सोडली असं होत नाही, मामा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कुठे नोंद करावी लागत नाही. लिहिला की हक्क लिहिणाऱ्याचा. त्याच्या परवानगीवाचून त्याच्या प्रती काढून विकता येत नाहीत. नेटवर एखादा कोड उघडा दिसतो आणि सोबत परवाना नसतो, तेव्हा तो वाचावा, पण आपल्या मालात घालू नये. ओपन सोर्स परवाना म्हणजे लेखकाने ती परवानगी आधीच, येणाऱ्या प्रत्येकाला लिहून दिलेली असते. तिला अट जोडली असेल आणि ती मोडली, तर परवानगीच उरत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने हेच म्हटलं. खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून भांडण होतं. कोर्टाचं म्हणणं असं पडलं की या अटी मोडणं म्हणजे कॉपीराइटचाच भंग.

मामा: मग मी धंद्यासाठी वापरतोय ते चालतं का?

भाची: बेलाशक. वापरायला कसलीच अट नाही. १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था निघाली. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींनी आदल्या वर्षी केलेल्या नियमांवरून तिने दहा कसोट्या ठरवल्या. त्यात साफ लिहिलंय की माणसामाणसांत भेद करायचा नाही आणि कामाकामांतही नाही. कारखाना, शाळा, सरकार, लष्कर, सगळ्यांना सारखं. ‘बिगर-व्यावसायिक वापरासाठीच’ असं म्हणणारा परवाना ओपन सोर्समध्ये बसतच नाही. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या डेटा मांडायच्या पद्धतीच्या कोडच्या परवान्यात एकच ओळ जास्तीची घातली होती, की हे चांगल्यासाठी वापरावं, वाइटासाठी नाही. तेवढ्यावरून २०१६ मध्ये अपाचे फाउंडेशनने तो कोड आपल्या प्रकल्पांत घ्यायला बंदी केली.

मामा: चांगल्यासाठी वापरा म्हटलं तर बिघडलं कुठे?

भाची: चांगलं काय ते ठरवणार कोण? आज ते लेखक ठरवेल, उद्या त्याचा वारस, परवा त्याची कंपनी विकत घेणारा. अशा कोडवर तुम्ही कारखाना उभा कराल का? तरी मला हे बोचतं, हे खोटं नाही. लोकांवर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेत माझा कोड गेला तर मी ओपन सोर्स परवान्याने तो अडवू शकत नाही. २०१९ मध्ये हिपोक्रॅटिक लायसन्स नावाचा परवाना आला. मानवी हक्क तुडवणाऱ्यांना तो वापर नाकारतो. हेतू मला पटतो, पण ओपन सोर्सच्या व्याख्येत तो बसत नाही.

भाचीची ही अस्वस्थता माझीही आहे. तरीही वापराची मोकळीक बिनशर्तच असावी, असं माझं मत आहे. ज्या परवान्यात वापरावर अट असते, तिथे सामान्य वापरणाऱ्याला दर वेळी कोणाच्या तरी मर्जीकडे बघावं लागतं. वाईट कामं रोखायला देशाचे कायदे आहेत. ते अपुरे असतील तर भांडायचं ते त्यांच्यासाठी.

मामा: अटी लागतात कुठे मग?

भाची: यंत्र कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतं तिथे. आत तुम्ही लिनक्स हवं तसं मोडा-जोडा, कितीही संगणकांवर चालवा, कोणाला सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या हातात दिलंत की ते वितरण झालं.

मामा: आणि तिथेच दोन तऱ्हा आहेत म्हणे. एमआयटीचा परवाना मी वाचला. दोनशे शब्दसुद्धा नाहीत. लेखकाचं नाव आणि परवान्याची प्रत ठेवा, बिघडलं तर आमच्यावर दावा करू नका, संपलं. याला म्हणतात देणं. दुसऱ्या तऱ्हेचा परवाना म्हणजे जीपीएल. त्याची तिसरी आवृत्ती पाच हजारांवर शब्दांची. देणाऱ्याने एवढं कशाला बोलावं?

भाची: कारण त्याला फक्त तुमची काळजी नाही, तुमच्या गिऱ्हाइकाचीही आहे. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते, तेव्हा तिथे झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरच्या कोडमध्ये त्यांनी बदल करून ठेवला होता, की कागद अडकला की लोकांना निरोप जाईल. नव्याचा सोर्स कोडच मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने न देण्याचं वचन कंपनीला दिलं होतं. यंत्र समोर, दोष माहीत, दुरुस्त करायची अक्कल अंगात, आणि हात बांधलेले. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये दुसरी. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तिचं सार एवढंच की तुम्हाला जे हक्क मिळाले, तेच तुमच्याकडून घेणाऱ्याला मिळाले पाहिजेत. बायनरी, म्हणजे यंत्राला चालवता येणारं रूप, दिलीत तर तिचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोडही द्या.

मामा: म्हणजे दिलं पण बांधून ठेवलं. जबरदस्तीने केलेल्या दानाला मी दान म्हणत नाही. फ्रीबीएसडी या प्रणालीकडे बघ. बीएसडीचा परवाना सोर्स परत मागत नाही. सोनीने प्लेस्टेशन ४ त्याच्यावर उभं केलं. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर त्याच्यावर चालतात आणि नेटफ्लिक्सचे इंजिनिअर आपल्या सुधारणा परतही देतात. कोणी दंडुका उगारला नव्हता. वेगळी आवृत्ती एकट्याने सांभाळत बसण्यापेक्षा मूळ प्रकल्पात घातलेली परवडते, हा सरळ हिशेब आहे. एलएलव्हीएम तर त्याहून मोठं उदाहरण. ॲपलला जीपीएलची कटकट नको होती, म्हणून तिने त्या कंपायलरवर पैसा ओतला. परवाना मोकळा होता, तरी आज तो सगळ्यांना खुला आहे.

भाची: एलएलव्हीएमचा मुद्दा मला मान्य आहे. पण नेटफ्लिक्सला परवडलं म्हणून तिने दिलं. ज्यांना परवडलं नाही त्यांनी काय केलं तेही बघा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स हे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, बीएसडी परवान्याने मोकळं केलं. इंटेलने ते आपल्या प्रोसेसरमधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये घातलं. जगभरच्या संगणकांत ते जाऊन बसलं, आणि खुद्द लेखकाला ही गोष्ट २०१७ मध्ये बातम्यांमधून कळली.

मामा: आणि त्यानंतर टॅनेनबॉम काय म्हणाले तेही सांग की. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच. परवान्याबद्दल तक्रार नाही. उलट बीएसडीच सगळ्यांत जास्त मोकळीक देतो, यावर त्यांचा विश्वास आणखी पक्का झाला. लेखक खूश आहे, तू का रडतेस?

भाची: कारण मी लेखकाच्या जागेवरून बोलतच नाहीये. ज्याच्या टेबलावर तो संगणक आहे, त्याच्या जागेवरून बोलतेय. त्याला आतलं मिनिक्स बघता येत नाही, बंद करता येत नाही. लेखकाने दिलेली मोकळीक इंटेलपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली.

या वादात मला इथे भाचीचं म्हणणं जास्त खोल वाटतं. लेखक आणि उद्योजक या दोघांतच हिशेब मांडला तर एमआयटी-बीएसडी उदार दिसतात, आणि ते उदार आहेतच. तिसरा माणूस, म्हणजे शेवटचा वापरणारा, हिशेबात आला की चित्र बदलतं. त्याला काहीतरी मिळाल्याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण एका राउटरचं आहे.

भाची: लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी. निळा-काळा, दोन अँटेनांचा, घरोघरी वापरला गेलेला वायफाय राउटर. २००३ मध्ये काही जणांच्या लक्षात आलं की त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आहे आणि सोर्स दिलेला नाही. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती. कर्नलच्या लेखकांनी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला, तेव्हा सोर्स बाहेर आला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. लोकांनी त्या स्वस्त राउटरमध्ये महागड्या यंत्रांत असणाऱ्या सोयी घातल्या. आज ओपनडब्ल्यूआरटी कितीतरी कंपन्यांच्या राउटरवर चालतं, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेले जुने राउटर त्याच्या जोरावर सुरक्षित राहतात.

मामा: आणि लिंक्सिसने पुढे काय केलं? त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली. जबरदस्ती केली की धंदेवाला दुसरं दार शोधतो.

भाची: शोधलं खरं. पण लिनक्सवाला राउटरच हवा म्हणून गिऱ्हाईक मागे लागलं, तेव्हा जुनंच यंत्र डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळं काढावं लागलं, आणि ते वर्षानुवर्षं खपलं. उघडा सोर्स हाच त्याचा विक्रीचा मुद्दा होता.

मामा: बरं, मुद्द्यावर ये. माझं कपाट किती उघडायचं? फॅटवरून दर काढायचा, दहा दिवसांचं बिल बांधायचं, कपात धरायची, हा प्रोग्रॅम माझ्या पोरांनी लिहिलाय. तो शेजारच्या कंपनीला दिला तर मी दुकान बंद करू? जीपीएलचा कोड एकदा लागला की आपलं सगळं उघडं पडतं, असं ऐकून आहे मी.

भाची: ही भीती फार वर्षं पेरली गेली आहे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. त्याच कंपनीने २००९ मध्ये आपले सुमारे वीस हजार ओळींचे ड्रायव्हर जीपीएलखाली कर्नलला दिले. आता तुमचं यंत्र घ्या. कर्नलच्या परवान्यालाच जोडलेली टीप सांगते की कर्नलची सेवा नेहमीच्या सिस्टिम कॉलने घेणारे प्रोग्रॅम त्यातून निघालेली कृती ठरत नाहीत. तुमचा दराचा प्रोग्रॅम असाच आहे, तो तुमचाच राहिला. सी लायब्ररी एलजीपीएलखाली आहे. ती वेगळी जोडलेली असेल आणि कोणाला बदलता येत असेल तर तिथेही तुमचा प्रोग्रॅम झाकलेला राहतो. द्यायचा तो कर्नलचा आणि त्याच्यासोबतच्या बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाचा सोर्स, पोरांनी कर्नलमध्ये वजनकाट्याचा ड्रायव्हर घातलाय त्याच्यासकट. शिवाय तो बांधायला आणि बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्ट.

मामा: आणि चुकून जीपीएलची लायब्ररी माझ्याच प्रोग्रॅमला जोडली गेली तर?

भाची: मग मात्र तुमच्या प्रोग्रॅमवरही जीपीएल येतो. सीलिस्प या लिस्प भाषेच्या प्रोग्रॅमचं तसंच झालं. रीडलाइन ही जीपीएलची लायब्ररी जोडली होती, आणि शेवटी १९९२ मध्ये अख्खं सीलिस्प जीपीएलखाली आलं. म्हणून पोरांना सांगून ठेवा की लायब्ररी उचलण्याआधी परवाना बघायचा. गिऱ्हाईक मागतंय ती यादी तुमच्याच संरक्षणासाठी आहे.

मामा: आधी माहीत नसताना विकलेल्या यंत्रांचं काय? दुसऱ्या आवृत्तीत तर अट मोडली की परवाना आपोआप संपतो.

भाची: संपतो. तिसऱ्या आवृत्तीत सुधारायची मुदत ठेवली आहे. पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटिशीनंतर तीस दिवसांत दुरुस्त केली तर हक्क परत मिळतात. २०१७ मध्ये रेड हॅट, आयबीएम, गुगल आणि फेसबुक यांनी आपल्या दुसऱ्या आवृत्तीच्या कोडलाही हीच सवलत लावू असं जाहीर केलं. कोर्टात खेचण्यापेक्षा अट पाळून घेण्यातच बहुतेकांना रस असतो. पण म्हणून पाळायचं टाळू नका.

परवाने फॉन्टचेही असतात. पावतीवर मराठी छापायला मामाच्या मुलांनी ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला आहे, असं धरू. तो मुंबईच्या एक टाइपने केला आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिला. या परवान्यात फॉन्ट यंत्रासोबत विकता येतो, सुटा विकता येत नाही. बदलला तर बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. त्यात छापलेल्या पावतीवर, पुस्तकावर, लग्नपत्रिकेवर मात्र कसलीही अट नाही. मराठी प्रकाशकांनी आणि छापखान्यांनी हे माहीत करून घ्यायला हवं. आपल्या अक्षरांचं किती काम या परवान्याने सोपं केलं आहे!

मामा: सोर्स फुकट द्यायचा म्हणजे यंत्रही फुकट द्या म्हणतील उद्या.

भाची: जीपीएल किमतीला हात लावत नाही. प्रतीचे लाख रुपये घ्या. आणि सोर्स साऱ्या जगाला नेटवर टाका असंही तो म्हणत नाही. यंत्रासोबतच पेनड्राइव्हवर सोर्स दिलात तर तिथे तुमचं काम संपलं. नसेल द्यायचा तर किमान तीन वर्षं लागू राहील असा लेखी शब्द द्यायचा, की मागणाऱ्या कोणालाही पाठवण्याच्या खर्चात सोर्स देऊ. रेड हॅटने, जिचं पुण्यातही मोठं कार्यालय आहे, २०२३ मध्ये आपल्या एंटरप्राइझ लिनक्सचा नेमका सोर्स ग्राहकांपुरताच ठेवला. खूप आरडाओरडा झाला. मलाही तो निर्णय आवडला नाही. पण बायनरी ज्याला देता त्याला सोर्स द्या, ही अट तिने पाळली होती.

मामा: मग मी असं करतो. पुढच्या वर्षी सगळा हिशेब सर्व्हरवर नेतो. संस्थांच्या सचिवांनी मोबाइलवर बघावा. हातात काही दिलंच नाही, मग वितरण कुठलं?

भाची: बरोबर पकडलंत. जीपीएलची ही मोठी फट आहे. म्हणूनच २००७ च्या शेवटी एजीपीएल आला. त्याखालचा प्रोग्रॅम बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात, तरी सोर्स द्यावा लागतो.

मामा: आणि त्याने तरी भागलं का? मोंगोडीबी हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर आधी एजीपीएलवरच होतं. २०१८ मध्ये तेही सोडून त्यांनी स्वतःचा परवाना काढला, तुझ्या ओपन सोर्सवाल्यांनी जो मानलाच नाही. मोठे क्लाउडवाले आमच्या जिवावर पैसा करतात, अशी त्यांची ओरड. २०२१ मध्ये इलास्टिकने तेच केलं, २०२३ मध्ये टेराफॉर्मने, २०२४ मध्ये रेडिसने. लिहिणाऱ्यांना पोट आहे हे तुमचा कुठलाच परवाना लक्षात घेत नाही.

मामाचा हा घाव वर्मी बसतो. ओपन सोर्स परवाने वापराचे आणि वितरणाचे हक्क वाटतात; लिहिणाऱ्याच्या मिळकतीची सोय त्यांत नाही. ती सोय सेवेतून, करारातून, दुहेरी परवान्यातून बाहेर करावी लागते.

भाची: मिळकतीचं खरं आहे. पण या सगळ्यांनी परवाना बदलल्यावर काय झालं ते बघा. आधी दिलेला कोड कोणाला परत घेता आला नाही. इलास्टिकच्या जुन्या कोडवरून ॲमेझॉनने ओपनसर्च काढलं, टेराफॉर्मवरून ओपनटोफू निघालं, रेडिसवरून तर काही दिवसांतच व्हॅल्की निघालं. पुढे इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला. कंपनीचं मन बदललं तरी लोकांच्या हातातला कोड लोकांचाच राहिला. आणि मामा, रेडिस तुमच्या आवडत्या बीएसडीखाली होतं. लोकांनी लिहून दिलेल्या सुधारणा पुढे बंदिस्त परवान्याखाली न्यायला बीएसडीत आडकाठीच नव्हती.

मामा: हे मी धरून चालतो. तरी माझं मत सांगतो. दूध तपासणी यंत्राशी बोलणारी आमची जी छोटी लायब्ररी आहे, ती मी एमआयटीखाली मोकळी करणार आहे. शेजारची कंपनीही वापरू दे, सगळ्यांची यंत्रं एका भाषेत बोलली तर माझंही काम कमी होईल. कोणाला बांधायचं नाही मला.

भाची: करा. मीही वापरेन. आणि कर्नलचा सोर्स?

मामा: देतो. पेनड्राइव्हवर, यंत्राच्या पेटीतच. पण त्या सचिवाला त्याचा उपयोग काय, हे अजून मला कळलेलं नाही.

भाची: उद्या तुम्ही यंत्रं बनवायचं सोडलंत, तर तालुक्यातला एखादा पोरगा त्या सोर्सवरून बोर्ड पुन्हा चालू करेल आणि त्यावर स्वतःचा दराचा प्रोग्रॅम बसवेल. संस्थेला अख्खं यंत्र भंगारात काढावं लागणार नाही.

मामाला एमआयटी निवडण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि एका छोट्या, सर्वांनी वापरावी अशा लायब्ररीसाठी ती निवड शहाणपणाची आहे. पण जिथे एखादी वस्तू गावातल्या शेकडो उत्पादकांचं दूध मोजते, तिथे तिच्या आतल्या कोडवरचा हक्क यंत्र बनवणाऱ्यापाशी थांबू नये, विकत घेणाऱ्यापर्यंत पोहोचावा, आणि जीपीएल हे करतो म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे. कोडमधल्या चुकीची जबाबदारी दोन्ही परवाने नाकारतात, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२१ च्या डिसेंबरात लॉग४जे या मुक्त जावा लायब्ररीमध्ये मोठं भगदाड सापडलं, तेव्हा ते फुकट सांभाळणाऱ्या मूठभर लोकांकडे जगाने उत्तरं मागितली. गिऱ्हाइकाला उत्तर देणं हे विकणाऱ्याचं काम आहे, कोड देणाऱ्याचं नाही.

तुमच्या घरातल्या राउटरच्या, टीव्हीच्या, मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘कायदेशीर माहिती’ किंवा ‘ओपन सोर्स परवाने’ असं पान बहुतेक वेळा असतं. ते एकदा उघडून वाचा. त्यात सोर्स देण्याचा लेखी शब्द दिसला, तर कंपनीला पत्र लिहून सोर्स मागा. मागण्याचं कारण सांगावं लागत नाही.